भाड्याच्या घरात फरशी बदलू नये

वाचकाचं पत्र

आमच्या घरचा डेस्कटॉप कॉम्प्युटर २०१६ साली घेतलेला. घरचा हिशेब, माझं थोडंफार लेखन, मुलीचा अभ्यास आणि पंधरा वर्षांचे फोटो, सगळं त्यातच आहे. गेलं वर्षभर त्याने छळ मांडलाय. सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. मध्येच पाच-पाच मिनिटं हँग होऊन बसतो. कधी काम चालू असताना दिवा विझावा तसा बंद पडतो. तारीख आपोआप २०१६ वर जाते आणि मग बँकेची साइट 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून दारातच अडवते.

आधी फॉरमॅट मारून विंडोज १० नव्याने टाकून घेतलं, पंधरा दिवस बरं चाललं. मग चार जीबीची रॅम आठ केली. फरक पडला असं मनाला वाटलं, इतकंच. गेल्या महिन्यात पुन्हा दुकानात दिला. तिथे दोन दिवस चालू ठेवला होता म्हणे, एकदाही बंद पडला नाही. तरीही 'मदरबोर्ड जातोय, आता नवीनच घ्या' असं सांगितलं. फोटो डी ड्राइव्हला आहेत, त्यांना काही होणार नाही, असंही म्हणाले. घरी आणला आणि दुसऱ्याच दिवशी परत बंद. विजेचा प्रश्न नसावा, कारण यूपीएस आहे, कॉम्प्युटरबरोबरच घेतलेला. हे पत्र याच कॉम्प्युटरवर टंकतेय आणि दोनदा पहिल्यापासून लिहिलंय.

यजमान म्हणतात, एवढा खर्च केलाय, आता टाकायचा कसा? मुलगी म्हणते, आई, फेकून दे. दुरुस्त करू की नवीन घेऊ?

ता. क. नवीन घेतला तर जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ का? आमचे फोटो कुणाच्या हाती लागले तर?

उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण त्याआधी एक काम करा. हे उत्तर अर्धवट टाकून उठलात तरी चालेल. फोटो दुसरीकडे काढून घ्या. आजच.

'डी ड्राइव्हला आहेत म्हणून धोका नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय आणि त्यापायी इतक्या जणांचे फोटो गेलेले पाहिलेत, की ते कानावर पडलं तरी पोटात गोळा येतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा एकच हार्ड डिस्क आहे. सी आणि डी हे त्या एकाच कपाटाचे दोन खण. फॉरमॅट मारताना वरचा खण रिकामा केला आणि खालच्याला हात लावला नाही, एवढ्यापुरतं ते खरं होतं. उद्या कपाटच कोसळलं तर खालचा खण काही हवेत तरंगत राहणार नाही. आणि तुमचं कपाट कोसळायच्या बेतात आहे असा मला दाट संशय आहे.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणा, नसेल तर कुणाची तरी चार दिवस मागून घ्या, आणि त्यावर फोटो उतरवा. सगळं एकदम उचलून टाकू नका. एकेक फोल्डर न्या, जे गेलं तर रडू येईल ते आधी. एखाद्या फोल्डरवर कॉपी अडकून बसली तर तिथे हट्ट धरू नका, तो सोडून पुढचा घ्या, अडकलेल्याकडे शेवटी परत या. कॉपी पुरी होईपर्यंत डिस्कवर कुठलीही 'दुरुस्ती' चालवायची नाही. एरर चेकिंग नाही, डीफ्रॅग नाही, पूर्ण व्हायरस स्कॅनही नाही. मरू घातलेल्या डिस्ककडे थोडीच वाचनं शिल्लक असतात, ती फोटोंवर खर्च व्हावीत. आणि आतून टक्-टक् असा आवाज यायला लागला तर ताबडतोब बंद करा. तिथून पुढे घरगुती उपाय नाहीत, डेटा काढून देणाऱ्याकडेच जावं लागतं.

झालं? आता बसून बोलू.

तुमच्या पत्रात एक आजारी कॉम्प्युटर आहे असं तुम्हाला वाटतंय. मला त्यात तीन वेगळे आजार दिसतात, तिघांचा एकमेकांशी संबंध नसावा, आणि ते एकाच वेळी आल्यामुळे म्हातारा आता जातोच असं सगळ्यांना वाटू लागलंय. नऊ-दहा वर्षांच्या यंत्रात हे होतंच. एकाच वेळी घेतलेल्या वस्तू साधारण एकाच सुमाराला थकतात.

सगळ्यात सोपा आजार तारखेचा. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, सेटिंग्ज लक्षात ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की मशीनला वाटतं आपण आत्ताच कारखान्यातून आलो. बँकेची साइट अडते ती यामुळेच. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, आणि तुमचा कॉम्प्युटर २०१६ मध्ये बसून आजचं प्रमाणपत्र तपासतो. त्याच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नाही. तो शंका घेतो हे बरोबरच आहे, त्याचं फक्त वर्ष चुकलंय. घड्याळात घालतात तसा हा सेल, किरकोळ वस्तू. बदलण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे एखादी सेटिंग मूळपदावर गेली आणि विंडोज उठेना झालं तर घाबरगुंडी उडणार नाही. दोनदा दुकानात जाऊन आलेल्या मशीनचा हा सेल कुणी बदलला नसेल, तर बाकीचं किती पाहिलं असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

दुसरा आजार दहा मिनिटांचा आणि हँग होण्याचा. इथे मी हार्ड डिस्ककडे बोट दाखवतो. २०१६ च्या डेस्कटॉपमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क असते, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई. ग्रामोफोनचीच वंशज म्हणा, फक्त हिची सुई तबकडीला टेकत नाही. हव्या त्या जागी सुई नेणं आणि ती जागा फिरून खाली येण्याची वाट पाहणं यात दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे ठिकठिकाणी विखुरलेल्या गोष्टी वाचायच्या झाल्या तर सेकंदाला शंभराच्या आतच. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली मागतं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, ती हाच मामला सेकंदाला काही हजारांनी उरकते. म्हणून रॅम वाढवून तुम्हाला 'मनाला वाटलं' इतकाच फरक पडला. स्वयंपाकघर मोठं केलं, पण विहीर होती तिथेच राहिली.

हळू चालणं हा झाला वयाचा भाग. पाच मिनिटं हँग होणं हा मात्र आजार. डिस्कचा एखादा भाग खराब झाला की ती तो पुन्हा पुन्हा वाचून बघते, आणि तेवढा वेळ विंडोज तिच्या तोंडाकडे बघत बसतं. फॉरमॅटनंतर पंधरा दिवस बरं चाललं याचंही मला नवल वाटत नाही. तेव्हा फाइली थोड्या होत्या आणि चांगल्या जागी पडल्या होत्या.

हे तपासायला दुकान लागत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, ती नोंद हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. वर निळा शेरा असेल तर ठीक, पिवळा असेल तर पसारा आवरायला घ्या, लाल असेल तर हात जोडा. खालच्या तक्त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. पहिलीत बदली दिलेल्या खराब जागांचा आकडा असतो, दुसरीत वाचता न आल्यामुळे निकाल लांबलेल्या जागांचा आणि तिसरीत आशा सोडलेल्या जागांचा. 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात तिन्हीकडे शून्य असावं. नसेल, आणि विशेषतः आठवड्याभरात आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलायचीच. तिथे 'दुरुस्त की नवीन' असा विचार करत बसायचं नाही.

आता तिसरा आजार, दिवा विझावा तसं बंद पडणं. ज्यामुळे मदरबोर्डवर आळ आला तो हाच. आणि तुम्ही नकळत एक फार मोलाची गोष्ट लिहून गेलात: दुकानात दोन दिवस चालला, एकदाही बंद पडला नाही, घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी पडला.

दुरुस्तीवाल्याला वाटलं, दोष सापडत नाही म्हणजे मदरबोर्डच असणार. मला उलटं दिसतं. मदरबोर्ड तर दुकानात गेला होता ना, तिथे तो गुण्यागोविंदाने राहिला! मग दुकानात काय गेलं नव्हतं ते शोधायला हवं. तुम्ही कॅबिनेट घेऊन गेलात. घरी मागे राहिलं ते म्हणजे यूपीएस, वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि कॅबिनेट ठेवायची ती जागा, बहुतेक टेबलाखालचा तीन बाजूंनी बंद कप्पा. माझा पहिला संशय यूपीएसवर, म्हणजे नेमका तुम्ही ज्याला निर्दोष ठरवून मोकळ्या झालात त्याच्यावर. घरगुती यूपीएसमध्ये शिसं-आम्लाची बॅटरी असते आणि तिचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. तुमची नऊ वर्षांच्या पुढे गेलीय. वीज क्षणभर डगमगली की यूपीएस जबाबदारी बॅटरीवर टाकतो, बॅटरीत जीव नसतो, आणि सगळं गप्प. खोलीतला दिवा नुसता पापणी लवल्यासारखा होतो, म्हणून कुणाला वीज गेल्याचं कळतही नाही. यूपीएस नसता तर कदाचित कॉम्प्युटर तेवढा धक्का सोसून गेलाही असता.

हसू नका, पण याच खड्ड्यात मीही पडलोय. माझ्या मशीनची रॅम बदलली, पंखा बदलला, डिस्कसुद्धा बदलली, आणि शेवटी निघालं काय, तर कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल सैल होती. टेबलाला गुडघा लागला की बंद. हे कळायला मला चार महिने लागले, कारण बसल्याजागी पाय हलवायची सवय मला आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

तर आता फुकटातली परीक्षा. पुढच्या वेळी बंद पडला की मॉनिटरच्या लहान दिव्याकडे बघा. मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल आणि त्याचाही दिवा गेला, तर दोष कॅबिनेटच्या बाहेर आहे: यूपीएस, बोर्ड, वायर यांपैकी कुठेतरी. मॉनिटरचा दिवा जागा आहे आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येतंय, तर दोष कॅबिनेटच्या आत. एवढ्या एका नजरेने निम्मं निदान होतं. त्यानंतर यूपीएस बाजूला ठेवून आठवडाभर कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवा. तरीही बंद पडला तर दुसरा आठवडा कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून, धूळ झाडून, बाजूचं झाकण उघडं ठेवून. दुकानातही बहुधा तो उघड्या पोटीच बसला होता. प्रोसेसर तापत गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि पारा साधारण शंभर अंश सेल्सियसच्या घरात जाऊनही उतरेना झाला तर जीव वाचवायला मशीन बंद करतो. धूळ बसलेला पंखा आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी, पण वाळून खडू झालेली पेस्ट, एवढ्यावरही हे भागतं.

एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत आणि बरं वाटलं, तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही. आणि टेबलावर एक वही ठेवा: किती वाजता पडला, चालू होऊन किती वेळ झाला होता, काय काम चाललं होतं, यूपीएस ओरडला का, मॉनिटरचा दिवा होता का. नेमकं चालू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने आणि व्हिडिओ बघताना पडत असेल तर उष्णता. वेळ-काळ न बघता पडत असेल तर वीज. ही वही दुरुस्तीवाल्याला दाखवा. बिचाऱ्याचीही बाजू आहे हो, बोलावल्यावर न येणारा आजार तो पंधरा मिनिटांत कसा पकडणार? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दाखवून कुणी 'बघा, मदरबोर्ड' म्हणालं तर मात्र मान डोलावू नका. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तर तुम्हालाही माहीत आहे.

दोन्ही आठवड्यांत बंद पडणं थांबलं नाही तर पुढचा संशयित कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा. दुकानातून तात्पुरता दुसरा लावून बघता येतो. तो डबा घरी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांच्या वर वीज धरून ठेवलेली असू शकते. आणि एसएमपीएसही निर्दोष सुटला, तर मग मदरबोर्ड. तेव्हा मी दुरुस्तीवाल्याची माफी मागेन.

आता तुमचा मूळ प्रश्न. एक हिशेब सगळीकडे ऐकू येतो, की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर नवीन घ्यावा. मला हा हिशेब पटत नाही. निम्मा खर्च करून किती वर्षं मिळणार ते त्यात कुठेच येत नाही. नव्याची किंमत शंभर धरा आणि तो आठ वर्षं चालेल असं माना. वर्षाला साडेबारा पडले. दुरुस्तीला पंधराच लागले पण मशीन वर्षभरातच गेलं, तर ती महाग पडली. तेच पंधरा देऊन तीन वर्षं निघाली तर वर्षाला पाच, आणि मग नव्याचं नाव काढू नये. भागाकार वर्षांनी करायचा. आणि यात यजमानांचा 'आधी केलेला खर्च' कुठेच बसत नाही. फॉरमॅटचे आणि रॅमचे पैसे गेले. मशीन ठेवलं तरी गेले, टाकलं तरी गेले. त्यांना हे तुम्ही सांगा, मी सांगितलं म्हणून सांगितलंत तरी हरकत नाही.

पण वर्षं किती मिळणार हे आधी कसं कळणार? ते कुणालाच कळत नाही. म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरसाठी दुसराच नियम वापरतो, भाडेकरूचा. भाड्याच्या घरात माणूस पंखा लावतो, दिवे लावतो, पडदे लावतो, कारण घर सोडताना ते उतरवून नेता येतात. फरशी बदलत नाही. दहा वर्षांचं मशीन हे भाड्याचंच घर आहे, ते कधीतरी सोडायचंय. तेव्हा जे नव्या मशीनकडे सोबत येईल त्यावर खुशाल खर्च करा, जे याच मशीनबरोबर जाईल त्यावर करू नका.

या नियमाने बघा. एसएसडी सोबत येते. नवीन डेस्कटॉप घेतलात तर बहुतेकांत ती तशीच बसेल, लॅपटॉप घेतलात तर एका लहान डबीत घालून एक्स्टर्नल डिस्क म्हणून वापराल. फोटोंसाठी आणलेली डिस्क सोबत येते. यूपीएसची नवी बॅटरी सोबत येते. नाण्याएवढा सेल येत नाही, पण त्याचं काय घेऊन बसायचं. साध्या एटीएक्स मापाचा एसएमपीएस बहुधा येतो. मदरबोर्ड मात्र फरशी आहे. २०१६ च्या सुमाराच्या प्रोसेसरला बसणारे बोर्ड आता नवे सहजी मिळत नाहीत, म्हणजे मिळेल तो बहुधा कुणाचा तरी काढलेला. नव्या पिढीचा बोर्ड घालायचा तर प्रोसेसर नवा, आणि बहुतेक नव्या बोर्डांना डीडीआर५ जातीची रॅम लागते, म्हणून तीही नवी. शिवाय मशीनबरोबर आलेला विंडोजचा परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो, बोर्ड बदलला की तोही प्रश्न. एवढं केल्यावर जुनं काय उरलं, पत्र्याचा डबा! तुमची वाढवलेली रॅम हीसुद्धा फरशीच होती, पण ती बसवून झाली, आता वापरा.

तो किरकोळ सेल सोडला तर तुमच्या आजारांवरचे माझे पहिले उपाय यादीत 'सोबत येणारे' आहेत हे एव्हाना लक्षात आलं असेल. म्हणून माझं मत: सेल बदला, एसएसडी बसवा, यूपीएसचा निकाल लावा, धूळ-पेस्ट करून घ्या आणि दोन महिने वापरून बघा. एसएसडीवर विंडोज नव्याने टाका, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करू नका, नाहीतर तिची दुखणीही बरोबर येतील. डिस्क बदलल्याने परवाना सहसा बिघडत नाही, इंटरनेट जोडलं की मशीन स्वतःला ओळखतं. या सगळ्यानंतरही मदरबोर्डच दोषी ठरला, तर एक पैसाही पुढे न घालता नवीन घ्या. तोवर केलेल्या खर्चातलं फारसं काही वाया जाणार नाही.

एक अडचण मात्र दुरुस्तीने सुटणार नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो. इंटेलचे साधारण २०१७ च्या आठव्या पिढीपासूनचे त्यात आहेत, तुमचा २०१६ चा बसणार नाही. जबरदस्तीने ११ घालून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि तुम्हाला तर बँकेचे व्यवहार करायचेत. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची मुदत दिली गेली. अपडेटच्याच पानावरून मायक्रोसॉफ्ट खात्याने नाव नोंदवावं लागतं.

त्यापलीकडे याच मशीनवर सुरक्षित राहायचं असेल तर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली हा सरळ मार्ग आहे. त्याच्या २२ क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि आठ जीबी रॅम त्याला भरपूर होते. पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं. अडेल तर दोन ठिकाणी अडेल. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं असेल तर ते चालेलच असं नाही. आणि तुमचं जुनं लेखन युनिकोडच्या आधीच्या फाँटात असेल तर तो फाँट सोबत न्यावा लागेल, नाहीतर पानभर अगम्य चिन्हं दिसतील. हे दुसरं नव्या विंडोजवरही होईल, तेव्हा कुठल्याही बदलाआधी ते लेखन युनिकोडमध्ये करून घ्या. मिंट जमलं नाही तर नवीन मशीनचा मुहूर्त विंडोजनेच ठरवून दिलाय असं समजा. पण मग ते निवांतपणे, तुमच्या सोयीने घ्याल. मशीन आज सकाळी गेलंय आणि मुलीचा प्रकल्प उद्या द्यायचाय, अशा घाईत नाही. घाईत माणूस दुकानात जे पुढ्यात असेल ते उचलतो.

घ्यायची वेळ आलीच तर एक विचारा: रॅम आणि डिस्क पुढे बदलता येतात का? पुष्कळशा पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाग देऊन बसवलेली असते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच सगळी फरशी.

आता तुमचा ताजा कलम. भंगारात तशीच देऊ नका, शंका रास्त आहे. डिलीट केलेली फाइल नाहीशी होत नाही, तिचं नाव फक्त यादीतून खोडलं जातं. झटपट फॉरमॅटचंही तेच. जुनी डिस्क दुसरी डिस्क म्हणून जोडा आणि फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून टाका. विंडोज व्हिस्टापासून असा पूर्ण फॉरमॅट त्या विभागातल्या प्रत्येक जागी शून्य लिहून काढतो. सी असो, डी असो, जेवढे विभाग दिसतील तेवढ्यांचा करा, आणि याला काही तास लागतात म्हणून रात्री लावून झोपा. डिस्क इतकी खराब असेल की फॉरमॅटच पुरा होईना, तर डोळ्यांवर चष्मा लावून तिच्यातून दोन-तीन ठिकाणी आरपार भोकं पाडून घ्या, आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पण हे दोन महिन्यांनी. तोवर ती कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून ठेवून द्या. तिच्या भरवशावर राहायचं नाही, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बहुतेक वेळा सी ड्राइव्हच्या कुठल्यातरी आडवळणी फोल्डरमध्ये असतो, आणि त्याची आठवण महिनाअखेरीला हिशेब मांडायला बसल्यावरच होते.